ट्रॅक्टरवर ०७१२ नंबर, अर्थ काय असन?

कपाशीवाला:
भाऊ हो, परवा दारव्ह्याच्या बाजारात एक ट्रॅक्टर पाह्यला, एमएच २९ म्हंजे आपल्याच यवतमाळचा, अन् नंबर ०७१२. मालक दिसला नाही, नाहीतर त्यालेच इचारलं असतं. ४१४१ म्हंजे दादा, २१४ म्हंजे राम, ८०५५ म्हंजे बॉस हे समजते, इंग्रजी आकडे जरासे वाकवले का अक्षरावानी दिसतात. पण याचं काय? तीन दिवसापासून डोक्यात तेच चालू हाय.

वर्धेकर:
नागपूरचा एसटीडी कोड हाय ना ०७१२. पोरगा तिकडं नोकरीले असन.

मातीतली:
मले तर सरळ सातबारा दिसते! नमुना ७ म्हंजे जमीन कोणाच्या नावावर, नमुना १२ म्हंजे पेरलं काय, अन् चार आकडे पुरे कराले समोर शून्य. माह्या बाबाचं नाव सातबाऱ्यावर चढलं तवा त्यायनं गावभर पेढे वाटले होते, म्हून मले वाटते ट्रॅक्टरले याच्याहून चांगला नंबरच नाही.

आरटीओच्या चकरा:
आवडीच्या नंबरले जास्तीची फी लागते. अन् दादा-राम आता जमत नाही, १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यायले हाय सिक्युरिटी प्लेटच येते, आकडे उठावाचे, वाकवता येत नाही.

कपाशीवाला:
ताई, सातबाराच! आता आठवलं, ट्रॉलीच्या मागं मोठ्या अक्षरात 'काळी आई' लिवलेलं होतं.