मदत हवी आहे: ऑइल फिल्टर कव्हरचा छोटा बोल्ट जाम झालाय

मंडळी, माझी रॉयल एनफील्डची हिमालयन 411 बाईक आहे, पावसाळ्यात घाटातल्या चिखलात भरपूर फिरवलीय, आता घरीच ऑइल बदलायला घेतलं तर फिल्टर कव्हरचा एक बारका बोल्ट हलायलाच तयार नाही. मागच्या वेळी एका गॅरेजवाल्याने लांब पान्याने करकचून आवळला होता, माझ्या डोळ्यांदेखत. डोक्याच्या कडा गोल झाल्यात, पाना सटकतोय, कडेला पांढरट पावडर जमलीय. मान तुटून अर्धा बोल्ट इंजिनातच राहील याची खरंच भीती वाटते.

रात्रभर डब्ल्यूडी-40 (गंजलेले बोल्ट सैल करायचा स्प्रे) मारून ठेवू, की हीट गनने गरम करून सहा कोनी सॉकेटने हलके झटके देऊ? आणि एम6 (6 मिमी जाडीच्या) बोल्टला 10 न्यूटन मीटरच्या आसपासच आवळायचं असतं ना, मग त्यासाठी छोटा टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना) कुठला घ्यावा? स्वतः काढलेल्यांनी प्लीज सांगा, गाडी उघडीच पडलीय.