मदत हवी आहे : दाराला कुलूप नसेल तर 'डांबून ठेवले' असे म्हणता येत नाही का?

धागाकर्ती

नमस्कार. फौजदारी कायद्याची माहिती असलेल्यांकडून मदत हवी आहे. थोडी घाई आहे, कारण माझ्या मामेबहिणीकडून एक कागद लिहून घेतला आहे आणि त्यातला पहिला हप्ता भरायची तारीख जवळ आली आहे.

ती एका दुकानात गल्ल्यावर बसते. मागच्या आठवड्यात रात्री हिशेब करताना रोकड कमी भरली. बाकीच्यांना घरी सोडले आणि हिला मागच्या केबिनमध्ये बसवले. समोर मालक आणि व्यवस्थापक, दारात रखवालदार. मोबाइल टेबलावर ठेवायला लावला, तो परत हातात दिलाच नाही. मध्यरात्र होत आली तरी एकच घोशा, 'पैसे घेतले असे लिहून दे आणि जा.' शेवटी मालकाने सांगितला तसा मजकूर तिने लिहिला, की पैसे मी घेतले, हप्त्यांनी परत करीन. मग सोडले. तोवर मामा-मामींनी तिच्या सगळ्या मैत्रिणींना फोन लावले होते.

तिने पैसे घेतलेले नाहीत. त्या गल्ल्यावर दिवसभरात आणखीही माणसे बसतात.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अंमलदारांनी विचारले, कुलूप होते का, मारहाण झाली का, हातपाय बांधले होते का. तिन्हीला नाही म्हटल्यावर 'मग डांबून ठेवले कसे म्हणता?' म्हणाले आणि एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून दिली. कायद्यात खरेच असे आहे का? काही तासच ठेवले तर तो गुन्हा होत नाही का? आणि त्या कागदाचे काय करायचे?

निळी शाई

ताई, वकिली करतो म्हणून लिहितो. कुलूप लागते, हा समज पोलीस ठाण्यातही घट्ट बसलेला आहे. कायदा तसे म्हणत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यातली कलमे १२६ आणि १२७ वाचा (जुन्या दंड संहितेत ३३९ ते ३४८). एखाद्याला ज्या दिशेने जायचा हक्क आहे त्या दिशेने जाऊ न देणे हा गैरनिरोध, कलम १२६. रस्त्यात आडवे उभे राहून कोणाची वाट अडवली तर तो यात येतो, मग मागे वळून जाता येत असले तरी. त्याच्या पुढची पायरी म्हणजे गैरपरिरोध, कलम १२७. इथे माणसाला ठरावीक हद्दीच्या बाहेर कोणत्याच बाजूने जाता येत नाही. म्हणून एक वाट अडवली आणि दुसरी मोकळी होती, तर १२६. सगळ्याच बंद केल्या, तर १२७.

वाट बंद कशाने केली याला कायद्याने मर्यादा घातलेली नाही. कलमातच दोन उदाहरणे दिली आहेत. पहिल्यात माणसाला भिंतींच्या आत नेऊन कुलूप लावले आहे. दुसऱ्यात इमारतीच्या दारांवर बंदूकधारी उभे केले आहेत आणि बाहेर पडलास तर गोळी घालतील असे सांगितले आहे. दुसऱ्या उदाहरणात कुलूप नाही, कोणी त्याच्या अंगाला हातही लावलेला नाही. तरी तो गैरपरिरोधच. अंमलदारांना हे दुसरे उदाहरण छापील प्रतीत दाखवा.

वेळेचे म्हणाल तर गुन्हा व्हायला किमान तास लागत नाहीत. साध्या गैरपरिरोधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तीन किंवा अधिक दिवस ठेवले तर कैद तीन वर्षांपर्यंत, दहा किंवा अधिक दिवस ठेवले तर पाच वर्षांपर्यंत. काळ वाढला की शिक्षा वाढते, एवढाच त्याचा संबंध.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत मला १२७ चे पोटकलम ८ जास्त महत्त्वाचे वाटते. कबुली काढून घेण्यासाठी किंवा पैसे, मालमत्ता परत करायला भाग पाडण्यासाठी डांबून ठेवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'लिहून दे आणि जा' हे वाक्य थेट तिथे बसते.

मात्र एक गोष्ट बहिणीला नीट विचारा, कारण प्रकरण त्या उत्तरावर उभे राहील किंवा पडेल. ती जायला निघाली होती का, आणि तेव्हा नेमके काय घडले? 'गेलीस तर पोलिसांत तक्रार देऊ' एवढेच कोणी म्हणाले आणि ती भीतीने थांबली, तर केस कमजोर आहे. तक्रार देण्याचा हक्क कोणालाही असतो. 'जायचे नाही' असे सांगितले किंवा कोणी आडवे आले, तर गोष्ट बदलते.

दुकानदार

माझे स्वतःचे दुकान आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रोकड गेली तर मालकाने काय करायचे? संशय आहे त्या माणसाला घरी जाऊ दिले तर सकाळी पैसेही नाहीत आणि माणूसही नाही. नागरिकालाही अटक करता येते असे मी वाचले आहे.

निळी शाई

बरोबर वाचले आहे, पण त्याला अटी आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४० पाहा. गुन्हा तुमच्या डोळ्यांसमोर घडलेला हवा, तो दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) हवा, किंवा माणूस फरारी घोषित असावा, आणि पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांत पोलिसांच्या हवाली करायला हवे. रात्री हिशेबात तूट दिसली म्हणजे चोरी तुमच्यासमोर झाली असे होत नाही. आणि इथे तर पोलिसांना फोनच केला नाही. तुम्ही पोलिसांना बोलवा, ते येईपर्यंत थांबायची विनंती करा, कॅमेऱ्याचे चित्रीकरण जपून ठेवा. खरा चोर असेल तर तोही याच मार्गाने सापडतो. केबिनमध्ये बसवून मिळालेल्या कबुलीवर न्यायालयात तुमचेच नुकसान होईल, हे मी मालकांच्या बाजूने विचार करूनही सांगतो.

धागाकर्ती

बहिणीशी बोलले. ती दोनदा उठली होती. पहिल्यांदा 'आई वाट बघत असेल, मला जाऊ द्या' म्हणाली, तेव्हा रखवालदाराने दारात हात आडवा लावला. दुसऱ्यांदा मालकच म्हणाले, 'लिहून दिल्याशिवाय इथून पाऊल बाहेर टाकायचे नाही.' केबिनला दुसरे दार नाही. हे तिने एनसीच्या वेळी सांगितलेच नाही, कारण कोणी विचारले नाही.

निळी शाई

हेच हवे होते. हे तिच्या शब्दांत, वेळांसकट, आजच लिहून ठेवा. मामा-मामींनी त्या रात्री कोणाकोणाला फोन केले त्याच्या नोंदी मोबाइलमध्ये असतील, त्या पुसू नका. केबिनबाहेर कॅमेरा असेल तर चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी तक्रारीतच करा.

एनसी लिहिणे चूक आहे. १२७ खालचे गुन्हे दखलपात्र आहेत आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले आहे. पोटकलम ८ साठी पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात, तेवढी तयारी ठेवा. तरीही नोंदवले नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा, पोच जपा, आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

आता कागद. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५ प्रमाणे फौजदारी कायद्याने मनाई केलेले कृत्य करून संमती मिळवली तर ती बळजबरी, आणि कलम १९ प्रमाणे अशा संमतीचा करार जिच्याकडून घेतला तिला रद्द करता येतो. तिने गप्प राहून पहिला हप्ता भरला तर तो कागद मान्य केल्यासारखे दिसेल. म्हणून हप्त्याच्या तारखेआधी वकिलामार्फत नोटीस पाठवा : हे डांबून ठेवून लिहून घेतले आहे, मला ते मान्य नाही.

वाचनमात्र

सहज विचारते. माणूस अजूनही आतच असेल, तर घरच्यांनी नोटिसा पाठवत बसायचे का?

निळी शाई

नाही, तेव्हा आधी ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन. पोलीस हलले नाहीत तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली जिल्हा, उपविभागीय किंवा प्रथमवर्ग दंडाधिकारी शोध वॉरंट काढून त्या व्यक्तीला समोर हजर करायला सांगू शकतात. शिवाय उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची (डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची) याचिका आहेच.

धागाकर्ती

नोटिशीसाठी उद्याच वकिलांकडे जातो आहोत. एकच शेवटचे. मामा घाबरले आहेत, तक्रार थोडी थांबून द्यावी म्हणतात. उशीर चालतो का?

निळी शाई

मुदत कायद्यात आहे. साध्या गैरपरिरोधाची दखल न्यायालय एक वर्षापर्यंत घेते, पोटकलम ८ ची तीन वर्षांपर्यंत. पण मामांना सांगा की कॅमेऱ्याचे चित्रीकरण तोवर राहणार नाही, आणि दुकानातल्या ज्या मुलांनी तिला केबिनकडे नेताना पाहिले ती आज बोलतील, सहा महिन्यांनी कदाचित तिथे कामालाही नसतील. नोटीस आणि तक्रार एकाच दिवशी जाऊ द्या.