कणकुंबीच्या दरीत ऊन कधी येतं, ते बघून निघा

बेळगाव-गोवा सीमेजवळच्या कणकुंबीला पक्षी बघायचे तर मार्चमध्ये उजाडायच्या आत दरीत पोचायलाच हवं, असं सांगतात, ते आवाजांपुरतं खरं. शीळकरी कस्तुर आणि रानकोंबडा अंधुकातच बोलतात. पण बघायचंच असेल तर घाई नको. आपल्याकडे मार्चच्या मध्याला सूर्य साधारण ६.४० ला उगवतो, आणि इथल्या चोर्ला घाटाचे उतार पश्चिमेकडे तोंड करून असल्यानं डोंगर आड येतो. तळाशी ऊन बऱ्याच उशिरा उतरतं. ऊन आधी शेंड्यांवर पडतं. म्हणून फुललेला पांगारा किंवा काटेसावर हेरा, सूर्य पाठीशी घ्या आणि तिथंच थांबा. पर्णपक्षी, मैना, भृंगराज मधासाठी आपणहून येतात. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. दाट रानात १०×च्या दुर्बिणीतलं चित्र जास्त हलतं, शिवाय तेवढ्याच भिंगात उजेड कमी.

धनेश पक्ष्याच्या घरट्याच्या ढोलीचं मात्र कुणी फारसं सांगत नाही. या दिवसांत मादी आत कोंडून घेते, भेगेतून फक्त चोच दिसते. खाली माणसं उभी असली की चोचीत उंबर धरलेला नर शेजारच्या झाडावर ताटकळतो, आणि आत मादी उपाशी. लांबून, झाडाआडून बघा. ढोलीचा पत्ता ऑनलाइन टाकू नका, फोटोवाल्यांची जत्रा भरते.