मंजूच्या काकड्या आणि नानांचं तवसं

मंजू: फोटो बघा, मिशिगनच्या परसातली पहिली तोड 😀 बोस्टन पिकलिंग म्हणून जुनी जात आहे, एकोणिसाव्या शतकापासून लोक लोणच्यासाठी लावतात, हायब्रीड नाही त्यामुळे बी धरलं की पुढच्या वर्षी तशीच काकडी

नानाकाका: एवढुश्या? आमची गावठी मोठी काकडी, तवसं, एका हातात मावत नाही. वाढू दे की जरा

मंजू: वाढू दिली की संपलं काका, आत बी जून होतं आणि वेल नवीन काकडी धरायला कुरकुरतो. दोन-तीन इंचाची झाली की तोडायची. एक दिवसाआड पानं उचलून बघावंच लागतं नाहीतर एखादी लपून बसते नि थेट दुधीएवढी होऊन दिसते

राहुल: ताई माझ्या टेरेसवर नुसती फुलंच, काकडी एक नाही

मंजू: आधी नर फुलंच येतात रे. मादी फुलामागे इवलीशी काटेरी काकडी असते, ती पिवळी पडून गळत असेल तर मधमाशा येत नाहीयेत, सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून मधला भाग मादी फुलात फिरव. आणि युरिया बंद कर, नुसता पाला माजेल

शोभाकाकू: लोणच्याला मोहरी फेसून घालतेस का गं?

मंजू: नाही काकू, तेल मसाला काहीच नाही, आपल्या खारातल्या कैऱ्यांसारखं. १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम मीठ, आयोडिनवालं नको, लसूण, मिरी, शेपूचा फुलोरा. काकड्या पाण्याखाली राहतील असं वर वजन ठेवायचं, तरंगली की बुरशी. काही दिवसांत पाणी गढूळ होतं, ते आंबतंय म्हणून, टाकून नका देऊ. आणि महत्त्वाचं, देठाचं नाही, फुलाकडचं टोक नखभर कापून टाकायचं, तिथल्या एन्झाइमने काकडी मऊ पडते

राहुल: शेपू??? घरी शेपू केला की तू शेजारी जेवायला जायचीस

मंजू: भाजी अजूनही नाही खात 😂

आई: मंजू, बाबा पुढच्या महिन्यात येतायत ना, त्यांच्या बॅगेत तवसाचं बी देते. नानाभाऊजींनी राखेत घोळून ठेवलंय

मंजू: आई अजिबात नको!! कागदपत्रं नसली की एअरपोर्टवर काढून घेतात, सांगितलं नाही तर वर दंड. आणि आणलं तरी तवसं आणि ही काकडी एकाच प्रजातीची, मधमाशी इकडचे पराग तिकडे करणार. यंदाच्या फळाला काही होत नाही पण आतलं बी मिसळीचं. वाळूक असतं तर एकवेळ चाललं असतं, ते खरबुजाच्या प्रजातीचं, काकडीशी त्याचा संकर होत नाही

नानाकाका: आणि तुझ्या शेजाऱ्याने लावली असेल काकडी तर?

मंजू: लावलीच आहे ना! अर्धा मैल लांब हवी म्हणतात, कॉलनीत कुठून आणू. म्हणून उद्या उमलणाऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळीच चिकटपट्टीने बंद करते, नरही आणि मादीही, सकाळी उघडून हाताने पराग लावून मादी फूल परत बंद. त्या काकडीला खुणेला लाल लोकर बांधलीय, ती वेलावरच पिवळीधमक होऊ द्यायची, मग बियांचा गर दोन-तीन दिवस पाण्यात आंबवायचा, तळाशी बसेल ते बी धुऊन सावलीत वाळवायचं. त्या वेलाला आता फार काकड्या नाही येणार, चालेल

नानाकाका: आम्ही कधी कळ्या बांधल्या नाहीत. मांडवावरचं चांगलं जोमदार तवसं बियाला सोडायचं की झालं

बाबा: नाना, तेव्हा वाडीत दुसरी काकडी होती कुठे. आता वरच्या घरी दुकानातलं बी आणून लावलीय ना?

नानाकाका: हो लावलीय खरी. आमच्या मांडवाला लागूनच

मंजू: मग काका यंदा बियाला सोडाल त्या तवसाची कळी तरी बांधाच

शोभाकाकू: मागच्या खेपेची तवसं आखूडच होती. धोंडसाच्या केकला दोन किसावी लागली, मी म्हटलं होतं ह्यांना

नानाकाका: पाऊस कमी होता. बरं ते कळ्यांचे फोटो पाठव, नर कुठली मादी कुठली बाण काढून. चष्म्याशिवाय मला दोन्ही पिवळ्याच दिसतात