ट्रेल रिज रोड : ज्येष्ठांसह कोठे थांबावे?

सप्रेम नमस्कार,

जूनच्या अखेरीस आईबाबांना अमेरिकेतील कोलोराडो राज्यातल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात नेण्याचा बेत आहे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार न चालता शिखरे मनसोक्त पाहता येतील अशी जागा उद्यानातून जाणाऱ्या ट्रेल रिज रोड या उंचावरील घाटरस्त्यावर कोणती, आणि उंचीचा त्रास टाळण्यासाठी काय करावे, हे जाणकार सभासदांनी कृपया कळवावे.

– एक नवीन सभासद

सप्रेम नमस्कार,

प्रत्येक थांब्यावर उतरण्याचा आग्रह धरू नये. एकच जागा निवडायची झाल्यास ११,७१६ फुटांवरील फॉरेस्ट कॅन्यन ओव्हरलूक निवडावी. वाहनतळापासून कठड्यापर्यंत छोटीशी पक्की पायवाट आहे. मात्र ती जाताना उतरते, म्हणजे परतताना चढ लागतो, हे आईंना आधीच सांगून ठेवावे. समोरची दरी हिमनदीने कोरलेली असून, हिमनदी प्राचीन प्रस्तरभंगाची (खडकातील भेगेची) रेषा धरून सरकल्यामुळे ती कमालीची सरळ झाली आहे. तळाशी बिग थॉम्प्सन नदी वाहते.

दरीइतकेच लक्ष पायवाटेच्या कडेलाही द्यावे. तेथे मॉस कॅम्पियन या वनस्पतीची जमिनीला चिकटलेली, गुलाबी फुलांनी भरलेली गादी दिसते, आणि तिला पहिले फूल येण्यास दहा वर्षेही लागू शकतात. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या टुंड्रावर, म्हणजे झाडे नसलेल्या उंच भागातील खुरट्या वनस्पतींवर, पाऊल पडले, तर ती जागा भरून येण्यास कित्येक दशके जातात. म्हणूनच येथे पायवाट सोडण्यास मनाई आहे. छायाचित्रासाठी ‘फक्त दोन पावले’ आत शिरणारे आपल्यातही असतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

उंचीविषयी सांगायचे तर, येथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश प्राणवायू कमी मिळतो. त्यामुळे आदल्या रात्री उद्यानालगतच्या एस्टेस पार्क गावात मुक्काम करावा, पाणी भरपूर प्यावे आणि कठड्यापर्यंत रमतगमत जावे. हृदयविकार किंवा रक्तदाब असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. डोके दुखू लागले किंवा मळमळ झाली, तर पुढचा बेत सोडून सरळ खाली उतरावे. उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडतात आणि वृक्षरेषेच्या (जिच्यापुढे झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या) वर मोटारीखेरीज आडोसा नसतो, म्हणून पहाटे निघून दुपारपूर्वी परतणेच योग्य. जूनमध्येही वारा बोचरा असतो. कानटोपी अवश्य घ्यावी.

उतरताना ब्रेकवर सतत पाय न ठेवता गाडी खालच्या गिअरमध्ये चालवावी. अलीकडे उन्हाळ्यात प्रवेशासाठी वेळेचे आरक्षण लागत आले आहे, तेव्हा यंदाचे नियम उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहूनच तारीख ठरवावी.

– एक जुना सभासद