नंदनार: आंबेडकरांच्या अर्पणपत्रिकेतले पहिले नाव

पायवाट (प्रश्न):
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' हा १९४८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. चोखोबांचे अभंग लहानपणापासून कानांवर आहेत आणि रविदासांची पदेही थोडीफार वाचलेली आहेत; मात्र यादीत पहिले असलेल्या नंदनारांविषयी मला काहीच माहीत नव्हते. शोध घेतला, तर तीन निरनिराळ्या कथा हाती आल्या. एकीत ते एका ब्राह्मण जमीनदाराचे वेठबिगार आहेत, दुसरीत जमीनदाराचे नावही नाही, आणि तिसरीत ते चक्क बौद्ध राजा आहेत. यांतली मूळ कथा कोणती, आणि नंदनारांच्या स्वतःच्या रचना कोठे वाचायला मिळतील?

कावेरीकाठ:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. नंदनारांची स्वतःची म्हणून एकही ओळ उपलब्ध नाही. त्यांचा सर्वांत जुना उल्लेख आठव्या शतकातील सुंदरर यांच्या 'तिरुत्तोंडत्तोगै' या शिवभक्तांच्या नामावलीत येतो, आणि तोही अर्ध्या ओळीचा आहे: 'सरळ मनाच्या तिरुनाळैप्पोवारांचाही मी दास.' तिरुनाळैप्पोवार म्हणजे (चिदंबरमच्या शिवमंदिराला) 'उद्या जाईन' म्हणणारा; नंदन हे नावदेखील येथे नाही. गंमत अशी, की हीच नामावली तिल्लै म्हणजे चिदंबरम येथील ब्राह्मणांच्या वंदनाने सुरू होते.

पुढे नंबी आंडार नंबी यांनी याच नामावलीवर प्रत्येक भक्ताविषयी थोडक्यात पद्ये रचली. तेथे गाव आदनूर असल्याचे कळते, जात पुलैयर, म्हणजे अस्पृश्य मानलेली, असल्याचे सूचित होते, आणि चिदंबरमच्या तीन हजार ब्राह्मणांनी त्यांना हात जोडले असेही सांगितले जाते. बाराव्या शतकात चोळ राजा दुसरा कुलोत्तुंग याच्या काळी शेक्किळार यांनी 'पेरियपुराणम्' लिहिले आणि त्या अर्ध्या ओळीचे सविस्तर चरित्र झाले.

शेक्किळारांनी आदनूरच्या वस्तीचे केलेले वर्णन मी पुनःपुन्हा वाचतो. झोपड्यांवर वेल चढलेले आहेत, वाटेवर कोंबडीची पिल्ले माती उकरत आहेत, लोखंडी कडी घातलेली मुले कुत्र्याची पिल्ले उचलून पळत आहेत, झाडाच्या सावलीत कातड्यावर तान्हे मूल निजवलेले आहे आणि आंब्याच्या फांद्यांना वाद्ये टांगलेली आहेत. राजदरबारच्या कवीने हे सारे इतक्या जवळून टिपावे, याचे मला आजही नवल वाटते. या कथेतील नंदनार कोणाचे वेठबिगार नाहीत. गावाने पडघम वाजवण्याच्या कामासाठी लावून दिलेल्या जमिनीवर त्यांचा निर्वाह चालतो, आणि ते देवळांतील वाद्यांसाठी कातडे व चामड्याचे पट्टे, वीणेसाठी तात (आतड्याची तार) आणि पूजेसाठी गोरोचन पुरवतात. त्यांच्या हातची ही प्रत्येक वस्तू देवळात जाते. त्यांना मात्र दाराबाहेर थांबावे लागते. शेवटी शिव स्वप्नात येऊन अग्नीतून आत येण्यास सांगतो, चिदंबरमचे ब्राह्मण दक्षिण द्वाराशी अग्नी पेटवतात, आणि नंदनार त्यातून जटाधारी, जानवे घातलेल्या मुनीच्या रूपात बाहेर येऊन देवासमोर अंतर्धान पावतात.

जुनी वही:
जमीनदार आला तो त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी. गोपालकृष्ण भारती यांनी १८६० च्या सुमारास 'नंदनार चरित्रम' हे कीर्तनासाठी रचलेले गेय आख्यान लिहिले, आणि वेदियर नावाने ओळखला जाणारा ब्राह्मण मालक हे पात्र त्यांनीच घातले. मार्गळी महिन्यातील आर्द्रा नक्षत्राच्या उत्सवाला चिदंबरमला जाण्याची रजा नंदनार मागतात, तेव्हा हा मालक चाळीस वेली, म्हणजे अडीचशेहून अधिक एकर, शेत कापून झाल्यावर जा असे बजावतो. शिवाचे गण एका रात्रीत ते काम उरकतात आणि मालक नोकराच्या पाया पडतो. भारती स्वतः ब्राह्मण होते आणि मायवरमच्या परिसरात, म्हणजे अशाच जमीनदारीच्या मुलखात, राहत होते.

थोर विद्वान मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांना या आख्यानातील व्याकरणाचे दोष खटकत होते, म्हणून प्रस्तावनेचे पद्य देण्यास ते टाळाटाळ करीत राहिले. एके दिवशी भारतींना ते गाताना त्यांनी ऐकले, डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी पद्य लिहून दिले. ही हकिकत त्यांचे शिष्य उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी नोंदवली आहे. आज तमिळनाडूत 'नंदनार' म्हटल्यावर बहुतेकांना आठवते ती हीच कथा. त्यात चित्रपटांचाही हात आहे: १९३५ च्या चित्रपटात के. बी. सुंदरांबाळ या गायिकेने नंदनारांची भूमिका केली आणि १९४२ च्या चित्रपटात एम. एम. दंडपाणी देसिकर यांनी.

तळटीप:
वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु 'पात्र घातले' एवढ्यावर थांबल्यास भारतींवर अन्याय होईल. त्यांचा मालक काल्पनिक असला, तरी कावेरीच्या खोऱ्यातील शेतमजुराची बांधिलकी काल्पनिक नव्हती. शेक्किळारांच्या सुंदर वर्णनात ती कोठेच दिसत नाही. दोघांनीही अग्नी मात्र कायम ठेवला, आणि दलित वाचकांनी नेमके त्यावरच बोट ठेवले: तो माणूस जसा होता तसा आत का जाऊ शकला नाही?

आपल्या तिसऱ्या कथेचे मूळ येथे आहे. तमिळ दलित विचारवंत अयोत्तिदास पंडितर (१८४५–१९१४) यांच्या मांडणीनुसार नंदन हा बौद्ध राजा होता आणि कपटाने मारला गेला. या मांडणीला मध्ययुगीन ग्रंथांचा आधार शोधणे व्यर्थ आहे. 'संत' हा शब्दच नाकारणारे ते उत्तर आहे. उलट स्वामी सहजानंद यांनी तेच नाव हाती धरून चिदंबरमलाच दलित मुलांसाठी नंदनारांच्या नावाने शिक्षणसंस्था उभारली. गांधीजी नंदनारांचा दाखला सत्याग्रही म्हणून देत असत. म्हणजे आंबेडकरांनी अर्पणपत्रिका लिहिली तेव्हा या नावावर निदान तीन दावे आधीच होते.

पायवाट:
मनःपूर्वक आभार. चोखोबांशी तुलना करताना एक गोष्ट लक्षात आली. त्यांनाही देवळात प्रवेश नव्हता आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, बाहेरच आहे; पण त्यांचे अभंग उरले, त्यामुळे त्यांची कथा कोणी कितीही वळवली तरी त्यांच्याच शब्दांशी ताडून पाहता येते. नंदनारांच्या बाबतीत ती सोय नाही. तरीही, सामान्य भाविक यांतली कोणती कथा मानतो?

कावेरीकाठ:
मी काही वर्षांपूर्वी वैदीश्वरन कोविलजवळच्या तिरुप्पुंगूरला गेलो होतो. बाहेरून शिवलिंग दिसावे म्हणून नंदनारांसाठी नंदी बाजूला सरकला ते हे देऊळ. तेथील नंदी आजही मध्यरेषेवर नाही. दाराशी फुले विकणाऱ्या आजींनी मला तो आवर्जून दाखवला, आणि लगेच चाळीस वेलींची व मालकाची गोष्ट सांगितली. ही कोठली कथा, असे विचारल्यावर त्या क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, 'पेरियपुराणातली.'