न्यू व्हेगासवर एकच मोठा मॉड टाकायचा, तर जेसॉयर की प्रोजेक्ट नेवाडा?

मेहरूणकाठ, जळगाव

राम राम मंडळी. आमच्या ग्रुपमध्ये उन्हाळा लागला की हा वाद निघतोच. यंदा इथेच मांडतो, म्हणजे धुळे-नंदुरबारकरांनाही बोलता येईल.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा ऑब्सिडियनने बनवलेला, २०१० साली आलेला व्हिडिओ गेम. अणुयुद्धानंतरचं मोहावे वाळवंट, साल २२८१, आणि आपण डोक्यात गोळी खाऊनही वाचलेला कुरिअर. गोष्ट आजही तोडीस तोड आहे. पण लढाई, वजन, लेव्हल यांचे नियम सैल आहेत, म्हणून लोक सगळे नियमच बदलणारे मोठे मॉड (मूळ खेळात बदल करणाऱ्या जोड-फाइली) टाकतात. त्यातली दोन नावं कायम ऐकू येतात: जेसॉयर आणि प्रोजेक्ट नेवाडा.

माझं मत जेसॉयरला, आणि आज टाकायचा तर त्याची 'अल्टिमेट' आवृत्ती. जॉश सॉयर हा या खेळाचा प्रोजेक्ट डायरेक्टर. अधिकृत पॅच (दुरुस्त्या) येणं थांबल्यावर, डिसेंबर २०११ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने हा मॉड लोकांना दिला. त्यात नवा खेळ जोडलेला नाही, आहे तोच घट्ट आवळलाय.

वजनाचंच घ्या. मूळ खेळात तुम्ही १५० पाउंड अधिक स्ट्रेंग्थच्या (पात्राच्या ताकदीच्या आकड्याच्या) दहापट एवढं ओझं उचलता. जेसॉयरमध्ये त्या १५० चे ५० होतात. म्हणजे स्ट्रेंग्थ ५ असेल तर तिकडे २००, इकडे १००. मूळ खेळातली वजनं धरली तर कॉम्बॅट आर्मर २५ आणि अँटी-मटेरियल रायफल २०. राहिले ५५. हार्डकोअर मोडमध्ये (मूळ खेळातल्या कडक पर्यायात) गोळ्यांनाही वजन आहे, पाण्याच्या बाटल्यांना आहेच. आता दुसरी बंदूक घ्यायची की पाणी, हे गाव सोडण्याआधी ठरवावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो अशा भागातले आपण. बाटली मोजून बरोबर नेणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. वाळवंटातल्या खेळात हा विचार करावा लागत नसेल, तर ते वाळवंट नुसतं मागे लावलेलं चित्र उरतं.

तुमचं मत सांगा, पण कारणासकट.

पांझरा_धुळे

मेहरूण भाऊ, आदर ठेवून सांगतो, मला हे अजिबात पटत नाही.

जेसॉयर आकडे बदलतो. हाताला काय बदललेलं जाणवतं? काहीच नाही. बंदूक तशीच, चालणं तसंच. न्यू व्हेगासचं खरं दुखणं गोष्टीत नाही आणि ओझ्यातही नाही, ते हातातल्या खेळात आहे. मूळ खेळात धावण्याचं बटणच नाही! क्वारी जंक्शनला डेथक्लॉ हा राक्षसी प्राणी मागे लागला की आपण त्याच संथ पावलांनी पळायचं. प्रोजेक्ट नेवाडाने हे २०११ मध्येच ओळखलं. धावणं दिलं, बुलेट टाइम (लढताना वेळ मंद करणं) दिला, ग्रेनेडला वेगळं बटण दिलं, हेल्मेट घातलं की व्हायझरची कड नजरेपुढे येते, रात्री दिसायची सोय आहे. मूळ खेळात इम्प्लांट (शरीरात बसवायची यंत्रं) म्हणजे बहुतेक पैसे देऊन एक पॉइंट वाढवणं, इथे सायबरवेअर नावाचा अख्खा वेगळा भाग आहे.

आणि तो तुकड्यांत येतो. फक्त कोअर हा मुख्य तुकडा टाका, आकडे बदलणारा रिबॅलन्स नको तर सोडा. कुणाची जबरदस्ती नाही.

लेव्हलचं तू बोललाच नाहीस. मूळ खेळाची मर्यादा ३०, चार डीएलसींनी (नंतर आलेल्या जोड-भागांनी) प्रत्येकी ५ वाढवून ५०. सॉयर ती ३५ वर आणतो. चारही डीएलसी खेळणारा माणूस वाटेतच ३५ ला पोचतो. मग 'लोन्सम रोड' या डीएलसीमध्ये जिवावर उदार होऊन जे लढायचं, त्याचं बक्षीस काय? एक्स्पीची (अनुभवाच्या गुणांची) पट्टी गोठलेली. डायरेक्टरने केलंय म्हणून ते बरोबर, हा मुद्दा मला मान्य नाही. खेळ विकत घेतला की तो माझा.

तोरणमाळ

पांझरा दादा, ३५ च्या बाजूने मी बोलतो.

या खेळात दर दोन लेव्हलला एक पर्क (खास क्षमता) मिळतो. ५० पर्यंत गेलं तर २५ पर्क, ३५ ला थांबलं तर १७. हे आठ पर्क कुठले सोडायचे, इथेच पात्र घडतं. मूळ खेळात शेवटाकडे माझा गोडबोल्या वाटाघाटीवाला आणि मित्राचा दरोडेखोर यांच्यात काही फरकच उरत नाही. दोघांचं लॉकपिक १००, सायन्स १००, स्पीच १००. कुठलंही दार, कुठलंही टर्मिनल, कुठलाही माणूस, सगळं उघडतं. मग सुरुवातीला डॉक मिचेलच्या घरात पात्र बनवताना एवढा विचार करून केलेली निवड कशासाठी होती?

आमच्याकडे म्हणतात, 'बठ्ठं लेवाले गया ते हातमा काहीच नही ऱ्हास.' म्हणजे सगळंच घ्यायला गेलं तर हातात काहीच राहत नाही. भूमिका घेऊन खेळायचा खेळ आहे ना हा? मग काही दारं बंद राहायलाच पाहिजेत.

दादर_कळणा, रावेर

मॉडच कशाला? मूळ खेळातलं हार्डकोअर पुरेसं आहे.

भूक, तहान, झोप तिन्ही मोजली जातात, आणि कुठलाही आकडा हजारावर गेला की मेलात. स्टिमपॅक हे औषध जखम हळूहळू भरून काढतं. मोडलेला हात डॉक्टरकडे जाऊन किंवा डॉक्टर्स बॅग वापरून बरा करायचा, झोपून नाही. जोडीदार मेला की कायमचा गेला. अजून काय पाहिजे?

मी केळीच्या धंद्यात. सीझनमध्ये गाड्या भरून घरी यायला रात्रीचे अकरा होतात. मग तासभर मिळतो. त्या तासात मला गोष्ट पुढे न्यायची असते, नोव्हॅक गावातल्या खोलीत कुठली बंदूक पेटीत ठेवू हा हिशेब नाही. १०० पाउंडांत खेळायचं म्हणजे घर-गुहा-घर अशा चकरा. ज्याला सुट्टी आहे त्याने जरूर माराव्यात. पण 'हाच खरा खेळ' असं ठसवू नका, आमचाही खेळ खराच आहे.

गिरणाकाठ, चाळीसगाव

दोन्ही बाजू अर्धंच बोलताहेत असं मला वाटतं.

पांझरा दादांनी दुखणं बरोबर ओळखलं, पण औषध जुनं सांगितलं. प्रोजेक्ट नेवाडा त्याच्या काळात मोठंच काम होतं, त्याबद्दल मनापासून आदर आहे. अडचण अशी की तो एकाच वेळी फार जागी हात घालतो. या इंजिनमध्ये प्रत्येक बंदुकीची, प्रत्येक शत्रूची एक नोंद असते. दोन मॉडनी एकच नोंद बदलली, तर जो नंतर लोड होतो त्याची अख्खी नोंद चालते. दोघांचं मिळून काही होत नाही. म्हणजे युप या चाहत्यांनी केलेल्या दुरुस्ती-पॅचने एखाद्या बंदुकीतली चूक दुरुस्त केली असेल आणि खाली प्रोजेक्ट नेवाडाचं रिबॅलन्स किंवा इक्विपमेंट बसलं असेल, तर ती दुरुस्ती गेली. तुम्हाला कळतही नाही. मग एफएनव्हीएडिट हे नोंदी बदलायचं साधन उघडून एकेक नोंद हाताने जुळवा. ज्याला ते जमतं त्याने खुशाल करावं, पण नव्या माणसाला हा मॉड सुचवताना हे सांगितलं पाहिजे.

तुम्ही मोजलेलं धावणं, बुलेट टाइम हे सगळं आज 'जस्ट असॉर्टेड मॉड्स'मध्ये मिळतं. तो एक्सएनव्हीएसई आणि जिप या नव्या सहायक मॉडच्या पायावर उभा आहे, आणि प्रत्येक गोष्ट वेगळी चालू-बंद करता येते. हाताचा खेळ त्याच्याकडून घ्या, आकडे जेसॉयर अल्टिमेटकडून. हे दोघं एकमेकांच्या वाटेत फारसे येत नाहीत.

त्याआधी पाया. खेळ ३२ बिटचा आहे, आपणहून २ जीबीच्या पुढे मेमरी वापरत नाही. ४ जीबी पॅचर चालवल्याशिवाय कुठल्याही मॉडला नावं ठेवू नयेत. अडखळण्यावर एनव्हीटीएफ. आणि मॉड ऑर्गनायझर २ वापरा, तो मूळ फोल्डरला धक्का लावत नाही, त्यामुळे नको झालेला मॉड काढणं सोपं जातं.

पांझरा_धुळे

गिरणा ताई, नोंदींचा मुद्दा मान्य, तो कोअरला तेवढा लागू नाही एवढंच म्हणतो. कोअरपुरतं प्रोजेक्ट नेवाडा आजही चालतं. आणि त्यातलं सगळं एकाच हातचं वाटतं: तोच व्हायझर, तेच आवाज, तोच मेनू. दहा ठिकाणचे दहा मॉड जोडून ते एकसंधपण येत नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं.

दादर भाऊ, तुमच्या एका तासाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला. धावता आलं तर त्या तासात दुप्पट वाट सरते.

मेहरूणकाठ

दादर भाऊ, तुमचा खेळ खोटा असं मी म्हटलेलं नाही, तसं वाटलं असेल तर तो अर्थ नव्हता. पण ओझ्याचा हिशेब म्हणजे गोष्टीच्या बाहेरचं काम, हे मला मान्य नाही. 'डेड मनी' आठवा. सिएरा माद्रे कॅसिनोच्या तिजोरीत सोन्याच्या ३७ विटा. एकेक ३५ पाउंडांची, सगळ्या मिळून १,२९५. त्या अख्ख्या डीएलसीचा गाभाच मुळी हातातलं सोडता येणं हा आहे. तिथे माझ्याकडे १०० पाउंड असतील तर दोन विटा उचलल्या की ७० संपले. उरलेल्या ३० मध्ये काय वाचवू, हा प्रश्न गोष्टच विचारते, मेनू नाही. जेसॉयर टाकून मी तिथे उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा ती तिजोरी मला अंगावर आली.

दादर_कळणा, रावेर

मेहरूण भाऊ, उदाहरण चांगलं काढलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे. १,२९५ पाउंड कुणालाच झेपत नाहीत, २०० वाल्यालाही नाही. लिहिणाऱ्यांनी ती तिजोरी २०० पाउंड उचलणाऱ्या माणसासमोरच ठेवली होती, आणि तरी ती बोलते. मी मूळ खेळातच तिथे बराच वेळ थांबलो होतो. बनवणाऱ्यांनी जिथे वजन बोलायला हवं तिथे बोलतं केलंय. प्रत्येक गुहेत ते बोलायला लागलं, तर तिजोरीचं महत्त्व उलट कमी होतं.

तोरणमाळ

दादर भाऊंचं हे शेवटचं वाक्य विचार करण्यासारखं आहे. तरी ३५ च्या मर्यादेवर मी ठाम.

केळीबाग_फैजपूर

मी नवीन आहे. खेळ अजून सुरू केला नाही, सेलमध्ये डीएलसीसकट घेऊन ठेवलाय. लॅपटॉप भावाचा जुना, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. संध्याकाळी लाइटचाही भरवसा नसतो. पहिल्याच खेळाला काय टाकू?

गिरणाकाठ, चाळीसगाव

नेटची काळजी करू नकोस भाऊ. नियम बदलणारे मॉड लहान असतात. जीबीच्या जीबी खातात ते टेक्श्चरवाले, म्हणजे चित्रं सुधारणारे, ते तू घेऊच नकोस.

पहिल्या खेळाला ४ जीबी पॅचर, युप आणि एनव्हीटीएफ, बस. मोठा मॉड नको. डॉक मिचेलच्या घराबाहेर पडताना खेळ हार्डकोअरबद्दल विचारतो. तिथे हो म्हण. जड गेलं तर मध्येच बंद करता येतं, फक्त त्याचं अचिव्हमेंट जातं. लाइट जाते म्हणतोस, तर ऑटोसेव्हवर विसंबू नकोस, प्रत्येक गावात हाताने नवा सेव्ह कर. आणि चालू खेळातून मोठा मॉड कधीही काढू नकोस, सेव्ह बिघडतो. बदलायचा तर नवा खेळ.

मेहरूणकाठ

माझा सल्ला वेगळा. पहिला खेळ एकदाच असतो. सवय लागण्याआधीच जेसॉयर टाक. २०० पाउंडांची सवय झाली की १०० म्हणजे शिक्षा वाटते. सवयच नसेल तर तोच तुझा नियम. जेसॉयरला डीएलसी लागतात, ते तुझ्याकडे सगळे आहेत म्हणतोस, म्हणजे तेही अडत नाही.

पांझरा_धुळे

नवख्याला लगेच १०० पाउंड? मेहरूण भाऊ, पोरगा प्रिम गावाला पोचायच्या आत खेळ सोडून देईल.

फैजपूर भाऊ, ही एक गोष्ट लिहून ठेव, आकडे मूळ खेळातले आहेत. डेथक्लॉचा डीटी (इजा अडवण्याचा आकडा) १५, नऊ एमएम पिस्तुलाची इजा १६. डीटी इजेतून वजा होतो, म्हणजे उरला १. पण खेळ किमान २० टक्के इजा जाऊ देतो, म्हणून साधारण ३ लागते. तेवढ्यात तो तुला फाडतो. म्हणून सुरुवातीच्या गुडस्प्रिंग्ज गावाहून सरळ उत्तरेला जायचं नाही, दक्षिणेच्या प्रिमकडून फिरून जायचं. आर्मर-पिअर्सिंग गोळ्या मिळाल्या की जपून ठेव, त्या डीटी कमी करतात. हे गणित हातात बसू दे, मग ठरव की तुला धावायला पाहिजे की ओझं पाहिजे.

केळीबाग_फैजपूर

गिरणा ताईंचं ऐकतो. युप आणि हार्डकोअर. पण धावण्याचं बटण तेवढं टाकू का? जस्ट असॉर्टेडमधलं बाकी सगळं बंद ठेवून?

गिरणाकाठ, चाळीसगाव

टाक. आधी एक्सएनव्हीएसई आणि जिप, मग तो. खेळ सुरू झाला की लोड ऑर्डरचा (मॉड लोड होण्याच्या क्रमाचा) फोटो इथे टाक, मी रात्री बघते.

मेहरूणकाठ

दुसऱ्या खेळाला मात्र जेसॉयर. तोवर हा धागा वर ठेवतो.